811 वरची सपाट पट्टी: नागपुरातून डिजिटल मध्यम लहरी कशा टिपायच्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मानेवाड्याच्या घरी गच्चीखालच्या खोलीत एक एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ ग्राहक, म्हणजे रिसीव्हर) आणि खिडकीबाहेर टाकलेली वायर. 801 किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं जबलपूर केंद्र दिवसाही ऐकू येतं. त्याला वरून खेटून एक सपाट पट्टी दिसते, साध्या रेडिओवर तिथे नुसता फसफसाट येतो. नागपूरच्या 585 शेजारी अशी पट्टी दिसत नाही. हे डिजिटल प्रसारण आहे का? असेल तर रात्री पट्टी जास्त उठून दिसत असूनही डिजिटल प्रसारण उलगडणाऱ्या ड्रीम सॉफ्टवेअरमध्ये एकही दिवा का लागत नाही?

ते डिजिटलच आहे, डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडिएल) पद्धतीचं. आणि रात्री दिवा न लागणं यात तुमची चूक फारशी नाही. नागपूर नकाशावर जिथे आहे, त्यामुळे हे घडतं. दिवसा प्रयत्न केलात तर यश मिळण्याची खरी शक्यता आहे. मी अनेक वर्षं हा छंद करतो आहे, आणि नवीन माणूस बहुतेक वेळा उलट्या क्रमाने जातो: रात्री, गोंगाटात, सर्वांत अवघड सिग्नलपासून सुरुवात करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पट्टीची खात्री करा. साध्या एएम केंद्राचा वॉटरफॉल (वारंवारतेनुसार सिग्नलचं बळ दाखवणारा सरकता आलेख) पाहिला तर मधोमध वाहकाची, म्हणजे कॅरियरची, एक ठळक रेष असते आणि बोलण्या-गाण्याबरोबर दोन्ही बाजू हलतात. डीआरएमला मधली रेष नसते. सुरीने कापल्यासारख्या कडा, वर सपाट पठार, रुंदी 10 किलोहर्ट्झ. आकाशवाणीच्या केंद्रांवर अ‍ॅनालॉग आणि डिजिटल दोन्ही एकत्र चालतात तेव्हा डिजिटल भाग सहसा 10 किलोहर्ट्झ वर बसवलेला असतो. म्हणजे 801 चा जोडीदार 811 ला मध्य धरून 806 ते 816 मध्ये. आता स्पेक्ट्रमची सरासरी वाढवा आणि पट्टी मोठी करून पाहा. पठारावर तीन बारीक सुळके दिसले पाहिजेत, मध्यापासून 750, 2250 आणि 3000 हर्ट्झ वर. तुमच्या बाबतीत ते 811.75, 813.25 आणि 814.00 ला येतील. हे ग्राहकाला वारंवारता पकडता यावी म्हणून मुद्दाम जास्त ताकदीने पाठवलेले संदर्भ वाहक आहेत. एलईडी दिव्याचा अ‍ॅडॅप्टरसुद्धा कधीकधी सपाट पट्टी उठवतो, पण त्यात हे तीन सुळके नसतात, आणि ती पट्टी ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा दिसते व तापमानाबरोबर सरकते. माझे सुरुवातीचे दोन आठवडे शेजारच्या घरातल्या अशाच एका पट्टीवर गेले होते, म्हणून हे आधी सांगितलं.

या पट्टीच्या आत काय आहे ते थोडं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. मध्यम लहरींवर सहसा ज्याला मोड ए म्हणतात तो वापरतात. 10 किलोहर्ट्झमध्ये सव्वादोनशेच्या आसपास छोटे वाहक, एकमेकांपासून 41.67 हर्ट्झ अंतरावर, सगळे एकाच वेळी चालतात. प्रत्येक चिन्ह 24 मिलिसेकंद टिकतं आणि त्याआधी 2.66 मिलिसेकंदांची राखीव जागा असते, म्हणजे उशिरा पोचलेला प्रतिध्वनी पुढच्या चिन्हात मिसळू नये. या वाहकांवर तीन वेगळे प्रवाह वाटलेले असतात. पहिला एफएसी: अगदी थोडी माहिती, सर्वांत मजबूत पद्धतीने पाठवलेली. दुसरा एसडीसी: केंद्राचं नाव, वेळ, पर्यायी वारंवारता. तिसरा एमएससी: प्रत्यक्ष आवाज, सर्वांत नाजूक. ड्रीममधले दिवे याच क्रमाने लागतात. आवाज नाही पण एफएसीचा दिवा हिरवा, याचा अर्थ सिग्नल खरा आहे, ग्राहक जुळला आहे, फक्त आवाजापुरतं बळ कमी पडतं आहे. ही नोंदसुद्धा वहीत लिहिण्याजोगी आहे. मी तर म्हणेन की निरीक्षणाचा छंद खरा तिथेच सुरू होतो. आवाज ऐकायचा असेल तर मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये जबलपूर ऐकता येईल. आपल्याला पाहायचंय ते 245 किलोमीटर हवेतून आलेल्या सिग्नलचं काय होतं ते.

आता रात्रीचं कोडं. जबलपूर नागपूरहून सरळ रेषेत साधारण 245 किलोमीटर, उत्तरेकडे किंचित पूर्वेला. दिवसा आयनोस्फिअरचा खालचा डी थर मध्यम लहरी शोषून घेतो, म्हणून तुमच्यापर्यंत फक्त जमिनीला धरून येणारी लहर पोचते. ती कमजोर असते पण स्थिर असते. सूर्य मावळला की डी थर विरतो आणि वरच्या थरांवरून परतलेली लहरही येऊ लागते. इतक्या अंतरावर दोन्ही लहरींची ताकद जवळपास सारखी होऊ शकते, आणि मग त्या एकमेकींना कधी जोर देतात, कधी खोडतात. हिशोब करून पाहा: साधारण 100 किलोमीटर उंचीच्या ई थरावरून आलेला मार्ग जमिनीच्या मार्गापेक्षा सुमारे 70 किलोमीटर लांब पडतो, म्हणजे पाव मिलिसेकंदाचा उशीर. 2.66 मिलिसेकंदांच्या राखीव जागेत तो सहज बसतो, त्यामुळे चिन्हं एकमेकांत मिसळत नाहीत. पण पाव मिलिसेकंदाच्या उशिराने पट्टीत दर चार-सव्वाचार किलोहर्ट्झला एक खड्डा पडतो, म्हणजे 10 किलोहर्ट्झच्या पट्टीत दोन किंवा तीन खड्डे, आणि ते सारखे सरकत राहतात. खड्ड्यातले वाहक गेले की त्यांच्यावरची माहिती गेली. चुका दुरुस्त करणारी संहिता काही भरून काढते, सगळं नाही. ड्रीममधला इम्पल्स रिस्पॉन्सचा आलेख (कोणती लहर किती उशिरा पोचली ते दाखवणारा) सूर्यास्ताच्या सुमारास उघडा ठेवा. दुपारी एकच सुळका असतो. सूर्य कलला की त्याच्या उजवीकडे दुसरा छोटा सुळका उगवतो आणि हळूहळू मोठा होतो. आकाशातून येणारी लहर उगवताना तुम्ही डोळ्यांनी बघत असता. मला आजही हे पाहायला आवडतं.

पण तुमच्याकडे याहून मोठी अडचण वेगळी आहे. रात्री 810 किलोहर्ट्झवर राजकोट येतं. साधं एएम, ताकदवान, आणि नेमकं 806 ते 816 च्या पोटात. म्हणजे तुमच्या पट्टीत मधोमध एक उभी रेष आणि तिच्या दोन्ही बाजूंना राजकोटचा कार्यक्रम. पट्टी जास्त उठून दिसते ती याचमुळे: तुम्ही जे पाहता ते फक्त जबलपूरचं डिजिटल नाही, त्यावर चढलेलं राजकोटही आहे. वॉटरफॉल नीट पाहा, 810 ला रेष सापडेल.

यावर उपाय आहे, आणि तो नागपूरच्या नशिबाने चांगला आहे. खिडकीबाहेरची वायर चारही दिशांचं सगळं गोळा करते. तिच्याऐवजी लूप अँटेना (वर्तुळात वळवलेली तार) घ्या. लूपच्या वर्तुळाची कड ज्या दिशेला असते तिकडचा सिग्नल जास्तीत जास्त येतो, आणि लूपचं तोंड जिकडे असतं तिकडचा जवळजवळ नाहीसा होतो. जबलपूर नागपूरहून उत्तर-ईशान्येला आहे. लूपची कड तिकडे केलीत की तोंड आपोआप पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला वळतं, आणि राजकोट जवळजवळ त्याच दिशेला आहे. दहा-पंधरा अंश इकडेतिकडे केलं की 810 ची रेष खाली बसते. एका रात्रीत चमत्कार होणार नाही, आकाशातून येणारी लहर वरून येत असल्याने लूपचा शून्यबिंदू पूर्ण लागत नाही. पण एफएसीचा दिवा मधूनमधून हिरवा होऊ लागेल.

इतर केंद्रांची हीच तऱ्हा आहे आणि ती आधी माहीत असलेली बरी. देशात मध्यम लहरींवर तीसहून अधिक केंद्रांना डीआरएमची सोय झाली. आपल्या आसपासची म्हणजे जबलपूर 801, हैदराबाद 738, पुणे 792, मुंबई 558 आणि 1044. पुण्याची डिजिटल जागा 802 च्या आसपास येते आणि तिच्यावर आपल्याकडे जबलपूरचं साधं एएम बसलेलं असतं, तेही दिवसासुद्धा. पुणे इथून सव्वासहाशे किलोमीटर. त्यामुळे नागपुरातून पुण्याचं डिजिटल टिपणं फार कठीण आहे. हैदराबादची पट्टी 748 भोवती, आणि तिथे रात्री लखनऊचं 747 येतं. इथे लूपचाही उपयोग नाही, कारण हैदराबाद आपल्या दक्षिणेला आणि लखनऊ जवळजवळ त्याच रेषेत उत्तरेला. लूप दोन्ही बाजूंना सारखंच ऐकतो. म्हणून मी लोकांना सांगतो: जबलपूरवर हात बसवा, बाकीचं नंतर. शिवाय कोणतं केंद्र कोणत्या तासाला डिजिटल चालवतं, कधी फक्त डिजिटल, कधी दोन्ही, हे बदलत राहतं. आधी वॉटरफॉलवर पट्टी आहे का ते बघायचं, मग सॉफ्टवेअरला हात लावायचा.

यंत्रसामग्रीकडे वळू. तुमचा डोंगल थेट सॅम्पलिंगच्या पद्धतीने मध्यम लहरी घेत असणार. या पद्धतीत ट्यूनर वगळला जातो आणि अँटेनाचं सगळं थेट 8 बिटांच्या कन्व्हर्टरवर आदळतं. त्यात निवड अशी काही नसते. घरापासून काही किलोमीटरवरचं 585 सगळ्यांत मोठ्याने बोलतं आणि कन्व्हर्टरची सगळी जागा तेच खातं. जबलपूरच्या कमजोर पट्टीला दोन-तीन बिटंच उरतात. ट्यूनरच वगळल्यामुळे त्याचा गेन कमी करून सुटकाही होत नाही. कसोटी सोपी आहे: अँटेनाची वायर थोडी आखूड करा. पट्टी आणि तळाचा गोंगाट सारखेच खाली आले तर ठीक. गोंगाट पट्टीपेक्षा जास्त खाली गेला तर तुमचा डोंगल ओव्हरलोड होत होता.

585 ला अडवण्यासाठी सापळा लावा. 220 मायक्रोहेन्रीची कॉइल आणि जुन्या ट्रान्झिस्टरमधला गँग कंडेन्सर (केंद्र लावायला फिरवतात तो) समांतर जोडा आणि ही जोडी अँटेनाच्या वायरमध्ये मालिकेत घाला. सुमारे 335 पिकोफॅरडला ती 585 वर जुळते. वॉटरफॉलवर 585 ची रेष बघत गँग हळूहळू फिरवा, एका जागी ती झपकन खाली पडेल, तिथे थांबा. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत कॉइल मिळते. गँग नवीन मिळणं अवघड झालंय, पण मोडीत निघालेल्या रेडिओतून काढून देणारे दुरुस्तीवाले अजून आहेत, त्यांना विचारा. हा सापळा 585 पासून दूर 811 वर फारसं काही खात नाही. पैसे खर्च करायची तयारी असेल तर 14 किंवा जास्त बिटांचा, मध्यम लहरींसाठी स्वतःचे फिल्टर असलेला ग्राहक घ्या. पण मी म्हणेन, आधी लूप, मग सापळा, मग गोंगाट, आणि शेवटी महाग ग्राहक. अनेकांनी उलटं केलं आणि महाग ग्राहकावर घरातल्या इन्व्हर्टरचा गोंगाट अधिक स्पष्ट ऐकला.

सॉफ्टवेअरची मांडणी अशी. ग्राहकाचं सॉफ्टवेअर यूएसबी मोडवर (अप्पर साइडबँड, वायरीचं यूएसबी नव्हे) ठेवा, फिल्टर किमान 11, शक्यतो 12 किलोहर्ट्झ रुंद. 811 ला मध्य असलेली पट्टी पूर्ण आत यावी म्हणून 805 ला लावा, म्हणजे पट्टी आवाजाच्या 1 ते 11 किलोहर्ट्झमध्ये येईल. हा आवाज व्हर्च्युअल ऑडिओ केबलने (एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्याकडे नेणारी सोय) ड्रीमकडे जातो. सॅम्पल दर दोन्ही बाजूंना 48,000. नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन, ऑटो नॉच सगळं बंद. माणसाच्या कानाला सोय करणारी प्रत्येक गोष्ट इथे नुकसान करते. ऑटो नॉचला तर ते तीन संदर्भ सुळके शिट्टी वाटतात आणि तो नेमके तेच कापतो. एजीसी (पातळी आपोआप सांभाळणारी सोय) संथ किंवा हाताने ठरवलेला. आवाजाची पातळी मध्यम, ती वरच्या टोकाला टेकत असेल तर जास्त झाली. संगणकाच्या ध्वनी सेटिंगमध्ये 'सुधारणा' नावाने जे असतं तेही बंद करा. वारंवारतेच्या अचूकतेची चिंता नको. डोंगल 50 पीपीएमने (दहा लाखांत 50) चुकला तरी 811 किलोहर्ट्झवर तो 40 हर्ट्झचा फरक आहे, ड्रीम तेवढं स्वतः सावरून घेतो.

एक गोष्ट खूप जणांना अडवते. सगळे दिवे हिरवे, केंद्राचं नावही आलं, आणि आवाज नाही. तेव्हा अँटेना हलवत बसू नका. डीआरएमचा आवाज एएसी कुळातल्या संहितेत असतो, आणि ड्रीमच्या अनेक प्रतींबरोबर ती उलगडणारी लायब्ररी येत नाही, वेगळी ठेवावी लागते. नवी प्रसारणं एक्सएचई-एएसी वापरत असतील तर त्यासाठी आणखी नवी लायब्ररी लागते. ड्रीमच्या खिडकीत संहितेचं नाव दिसतं, ते पाहून ठरवा.

सुरुवात करण्यापूर्वी एक सल्ला. चांगलं डीआरएम कसं दिसतं ते आधी बघून घ्या. इंटरनेटवर जगभरातल्या हौशी लोकांनी उघडे ठेवलेले किवीएसडीआर ग्राहक आहेत, त्यांच्यातच डीआरएम उलगडायची सोय असते. युरोपातल्या किंवा आशियातल्या एखाद्या ग्राहकावर जाऊन लघुलहरींवरचं ताकदवान डीआरएम लावा आणि अर्धा तास फक्त आलेख बघा: 16-क्यूएएममध्ये (माहिती 16 स्थानांत मांडायची पद्धत) ठिपक्यांचे 16 गठ्ठे कसे सुटे उभे असतात, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलचं बळ) कमी झाला की ते कसे पसरतात, कुठे आवाज तुटतो. दुसरी चाचणी नागपुरातच आहे. गेल्या काही वर्षांत भारतात विकल्या गेलेल्या अनेक गाड्यांमध्ये डीआरएम रेडिओ कारखान्यातूनच बसून येतो आणि मालकाला पत्ता नसतो. ओळखीत अशी गाडी शोधा. दुपारी शहराच्या उत्तरेला, मनसर-रामटेकच्या बाजूला घेऊन जा आणि जबलपूर लावा. पडद्यावर केंद्राचं नाव आलं तर सिग्नल नागपूर जिल्ह्यात पोचतो हे सिद्ध झालं, आणि उरलेली लढाई तुमच्या घरातली आहे. वाटेत उच्च दाबाच्या वाहिन्यांखाली थांबू नका, तिथे मध्यम लहरींवर गोंगाट प्रचंड असतो.

घरातली लढाई म्हणजे गोंगाट. आकडे लक्षात ठेवा: आवाजाचा प्रवाह 16-क्यूएएममध्ये असेल तर साधारण 9 ते 11 डेसिबल एसएनआर लागतो, 64-क्यूएएम असेल तर 15 च्या वर. सिग्नल स्थिर असेल तेव्हाचे हे आकडे, डोलत असेल तर जास्त लागतं. साध्या एएमवर 3 डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. इथे 14 ला पूर्ण शांतता आणि 17 ला स्वच्छ आवाज, असा फरक पडतो. म्हणून घरातला प्रत्येक डेसिबल मोजून काढा. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप घ्या, वॉटरफॉल 811 वर ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. एसएनआर किती चढला ते लिहा. मग एकेक सर्किट चालू करत जा. माझ्या घरी सर्वांत मोठा गुन्हेगार निघाला तो स्वयंपाकघरातला स्वस्त एलईडी बल्ब, दुसरा लॅपटॉपचाच चार्जर, तिसरा इन्व्हर्टर. बल्ब बदलला, चार्जरच्या वायरला फेराइटच्या कड्यातून सात वेढे दिले, आणि 6 डेसिबल मिळाले. 6 डेसिबल मिळवायला प्रक्षेपण केंद्राला चौपट ताकद लावावी लागेल.

आणि आपल्याकडचा कूलर. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत नागपुरात घरोघरी पंखा आणि पाण्याचा पंप दिवसरात्र चालतो, आणि शहराचा तळाचा गोंगाट स्पष्टपणे वर जातो. आपल्या घरचा कूलर बंद करता येईल, गल्लीतले चाळीस करता येत नाहीत, आणि 45 अंशांत कोणाला तसं सांगूही नये. त्या महिन्यांत मी पहाटे नोंद घेतो, नाहीतर शहराबाहेर जातो. जून ते सप्टेंबर विजांचा कडकडाट. डीआरएममध्ये चुकांचे तुकडे काळात पसरवून टाकायची सोय आहे, जवळपास 2 सेकंदांपर्यंत, त्यामुळे एखादी लांबची वीज आवाज तोडत नाही. पण एकामागून एक आल्या की सगळं कोसळतं. जवळच्या विजेत तर अँटेना आधी सोडवून बाहेर टाका, मग बाकीचा विचार. मध्यम लहरींसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम. गच्चीवर लांब वायर टाकणार असाल तर संक्रांतीच्या आठवड्यात ती उतरवून ठेवा. मांजात अडकलेली वायर तुटते हा एक भाग झाला, पतंग काढायला कोणी पोर कठड्यावर चढू नये हा महत्त्वाचा भाग.

आता नोंदी. जुन्या सिनपो पद्धतीने (ताकद, गोंगाट वगैरेंना एक ते पाच गुण देऊन) डिजिटलचा अहवाल लिहू नका, त्यातून काही कळत नाही. ड्रीममध्ये लॉग फाइल चालू करायची सोय आहे, ती वापरा. शिवाय वहीत एक ओळ हाताने: तारीख, वेळ, वारंवारता, मोड, पट्टीची रुंदी, आवाजाचा क्यूएएम, बिट दर, एसएनआरचा सर्वांत कमी आणि जास्त आकडा, किती टक्के फ्रेम सुटल्या, लूपची दिशा, घरातलं काय चालू होतं, आकाश कसं होतं. न लागलेल्या दिवसांचीही ओळ लिहा. माझ्या वहीतली सर्वांत उपयोगी पानं आवाज न आलेल्या दिवसांचीच आहेत, कारण त्यांच्यावरून मला कळलं की डिसेंबरात जबलपूरचा एसएनआर सूर्यास्ताच्या आधीच, चारच्या सुमाराला डोलायला लागतो. सूर्यास्त पावणेसहाच्या आत असतो, पण डी थर त्याआधीच पातळ होत असतो. हे एका दिवसाच्या नोंदीतून दिसत नाही, तीस दिवसांच्या दिसतं.

वेळ भारतीय लिहिली तरी चालेल, पण परदेशी केंद्राला अहवाल पाठवताना यूटीसी लिहा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून. लघुलहरींवरचं डीआरएम तुमच्या डोंगललाही जमेल. चीनचं सीएनआर-1 देशांतर्गत कार्यक्रमासाठी लघुलहरींवर डीआरएम वापरतं आणि ते भारतात चांगलं येतं. ग्वामहून केटीडब्ल्यूआर, रुमानियाचं आंतरराष्ट्रीय रेडिओ केंद्र, न्यूझीलंडचं आरएनझेड पॅसिफिक ही नावंही शोधा. तिथे सहसा मोड बी दिसेल, त्यात राखीव जागा 5.33 मिलिसेकंद असते कारण आकाशातून अनेक उड्या मारत आलेल्या लहरींतला उशीर मोठा असतो. मोड ए आणि मोड बीचे आलेख शेजारी ठेवून पाहणं हा एक वेगळाच अभ्यास आहे. अमेरिकेतलं एचडी रेडिओ नावाचं डिजिटल एएम मात्र ड्रीमला उलगडत नाही, त्याची रचनाच निराळी.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. प्रसारण ऐकायला आता परवाना लागत नाही, रेडिओचा घरगुती परवाना 1980 च्या दशकात रद्द झाला. परवाना लागतो तो प्रक्षेपणाला.

आणखी एक, जे मला जवळचं आहे. 1988 मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली तेव्हा तिचा मुख्य आवाज होता नागपूरजवळच्या बुटीबोरीचा 1000 किलोवॉटचा प्रक्षेपक, 1566 किलोहर्ट्झ. रात्रभर अर्ध्या देशात, देशाबाहेरही, नागपूर ऐकू जायचं. ती वाहिनी 2019 च्या सुरुवातीला बंद झाली. त्या काळात कोणत्या रात्री ते कुठवर पोचलं, कुठे फिकट झालं, याच्या रोजच्या नोंदी आपल्या गावात किती जणांनी ठेवल्या? मी ठेवल्या नाहीत, आणि त्याचं मला दुःख आहे. तरुणपणी तो आवाज कायमचाच वाटायचा. देशातल्या मध्यम लहरींचे प्रक्षेपक एकेक करून बंद होत आहेत, डिजिटलबद्दलही धोरण सरळ रेषेत चाललेलं नाही. आज 811 वर पट्टी आहे. ती किती वर्षं राहील ते तुमच्या-माझ्या हातात नाही, पण ती असताना नागपुरात कशी येत होती हे लिहून ठेवणं आहे.

तर या रविवारी असं करा. दुपारी बाराला, घरातले दिवे, चार्जर, इन्व्हर्टर बंद, लॅपटॉप बॅटरीवर, लूपची कड उत्तर-ईशान्येला. 805, यूएसबी, 12 किलोहर्ट्झ. लॉग फाइल चालू करून संध्याकाळी सातपर्यंत हात न लावता सोडून द्या. बॅटरी तेवढी टिकणार नसेल तर गाडीची 12 व्होल्टची बॅटरी आणि साधा रेग्युलेटर चालेल, पण स्वस्त बूस्ट कन्व्हर्टर नको, तोच गोंगाट करतो. नंतर फाइल उघडून एसएनआरचा आकडा कोणत्या मिनिटाला पहिल्यांदा डळमळला ते शोधा आणि त्या मिनिटाचा इम्पल्स रिस्पॉन्स कसा होता ते आठवा. पाच वाजल्यानंतर तर त्या आलेखासमोरच बसा. आवाज एक सेकंदही आला नाही, तरी ती फाइल जपून ठेवा आणि पुढच्या रविवारी लूप दहा अंश पश्चिमेला फिरवून तेच पुन्हा करा.